रेस संपल्यावरची पहिली वीस मिनिटं: शर्यतीतला क्षण वहीत कसा उतरवायचा

पोहण्याची रेस संपते, भिंतीला हात लागतो, मान वळते, बोर्डवर वेळ दिसते. त्या क्षणापासून आठवणीत फेरफार सुरू होतो. पीबी, म्हणजे स्वतःची आजवरची सर्वोत्तम वेळ, झाली असेल तर "सगळंच मस्त जमलं", नसेल तर "सगळंच फिसकटलं". प्रत्यक्षात दोन्ही रेसमध्ये डाइव्ह तशीच पडलेली असते, पहिले पस्तीस मीटर तसेच गेलेले असतात आणि सगळा फरक टर्ननंतरच्या तीन-चार हातांत पडलेला असतो. पण ते कळायच्या आत आकड्याने बाकीचं पुसून टाकलेलं असतं. संध्याकाळी घरी येऊन लिहायला बसलं की कागदावर उतरतो तो निकाल. रेस केव्हाच विसरलेली असते.

म्हणून रेसची वही लिहिण्याचा क्रम ठरलेला असावा: आधी अंगाला काय जाणवलं ते, मग आकडे, व्हिडिओ सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटला की वहीचा निम्मा उपयोग गेला. व्हिडिओ आधी पाहिला तर पोहणारा स्वतःला बाहेरून पाहू लागतो आणि पाण्यात काय वाटलं होतं ते परत मिळत नाही.

पान आधीच आखून ठेवा

साहित्य साधं आहे. खिशात मावेल अशी दोरा शिवलेली जाड पानांची वही, दोन पेन्सिली आणि झिप लागणारी प्लास्टिकची पिशवी. स्पायरल वही नको, ओली झाली की तिची पानं सुटतात. जेल पेन तर मुळीच नको. तलावाच्या काठी बोटं ओली असतात, शाई पसरते आणि २७.८ आहे की २१.८ हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. पेन्सिलीचं लिखाण दमट कागदावरही टिकतं. मोबाइलमध्ये लिहिणाऱ्यांनीही पहिली नोंद आवाजात करावी, कारण दोनशे मीटर बटरफ्लाय मारल्यावर बोटं थरथरत असतात आणि टाइप करायचा कंटाळा येतो. मग "बरी गेली" एवढंच लिहून माणूस मोकळा होतो.

पानाचा वरचा भाग आदल्या रात्री भरायचा. तारीख, तलाव, २५ मीटरचा की ५० मीटरचा, उघडा की छताखालचा, कोणती रेस, एंट्री टाइम (नाव नोंदवताना दिलेली वेळ), हीट (प्राथमिक फेरीतला तुमचा गट), लेन. लेन फक्त माहितीसाठी नाही. आठ लेनच्या तलावात हीटमधल्या सगळ्यात वेगवान एंट्रीला ४ नंबरची लेन मिळते, मग ५, ३, ६, २, ७, १ आणि शेवटी ८. म्हणजे आठव्या लेनमध्ये असाल तर हीटमधले बाकी सगळे कागदावर तुमच्याहून वेगवान आहेत, आणि ते सगळे एकाच बाजूला आहेत. उजवीकडेच श्वास घेणाऱ्याला पन्नास मीटर जाताना ते दिसतात, परत येताना नुसती भिंत दिसते. "शेवटी कुणाचा अंदाजच आला नाही" असं वहीत आलं तर त्याचं कारण बऱ्याचदा या एका ओळीत असतं.

मग वॉर्मअपमध्ये मोजलेले दोन आकडे. पहिला, बॅकस्ट्रोकचे झेंडे (भिंत जवळ आल्याची खूण म्हणून तलावावर आडवे टांगलेले) डोक्यावरून गेल्यापासून भिंतीपर्यंत किती हात. झेंडे भिंतीपासून पाच मीटरवर असतात, पण वॉर्मअपच्या वेगात आणि रेसच्या वेगात हातांची संख्या सारखी येत नाही. म्हणून शेवटच्या दोन लांब्या तरी रेसच्या जोरात मारून मोजायचं. दुसरा, भिंत कशी आहे. टचपॅड (हात लागताच वेळ नोंदवणारी पाटी) लावलेला आहे का, पाय घसरतो का, ब्लॉकवर (उडी मारायच्या ओट्यावर) मागचा पाय टेकवायची फळी आहे का, असेल तर कितव्या खाचेवर लावली. हे लिहायला अर्धं मिनिट लागतं. पुढच्या वर्षी त्याच तलावावर आलात की हीच ओळ सगळ्यात आधी शोधाल.

बाकीचं पान कोरं ठेवा. लक्ष्य म्हणून एक वेळ लिहिणाऱ्यांनी तिचे स्प्लिटही, म्हणजे टप्प्याटप्प्याच्या वेळाही, लिहावेत. नुसतं "५८ सेकंद" लिहून काही साधत नाही. ते पहिल्या पन्नासला किती आणि दुसऱ्याला किती, हे ठरलेलं नसेल तर रेसनंतर ताडून पाहायला काही उरत नाही.

पाण्याबाहेर आल्यावर

आधी स्विमडाऊन, म्हणजे सावकाश पोहून अंग सैल करणं. वही त्याच्यानंतर. दमलेलं अंग एकदम थांबवलं तर पुढच्या रेसला हातपाय जड राहतात, आणि एका दिवसात दोन-तीन रेस असतील तर ते परवडत नाही. पण स्विमडाऊनच्या आधी एक गोष्ट करता येते: कोचना किंवा काठावरच्या कुणालाही एकच वाक्य सांगून टाकायचं. "टर्ननंतर वर यायला उशीर झाला." "शेवटी डावा हात सुटला." एवढंच. हे वाक्य नंतर जसंच्या तसं पानावर पहिल्या ओळीत लिहायचं, सुधारून नाही.

सावकाश दोनशे-तीनशे मीटर पोहून बाहेर या, टॉवेल गुंडाळा, पाणी प्या आणि वही उघडा. रेस संपून वीस मिनिटांच्या आत हे झालं पाहिजे, कारण त्यानंतर मित्र भेटतात, रिझल्ट शीट भिंतीवर लागतं आणि गप्पा सुरू होतात.

इथे पालकांसाठी एक सूचना. "कशी झाली रेस?" या प्रश्नाला "ठीक" याशिवाय उत्तर येत नाही, आणि "वेळ का वाढली?" या प्रश्नाला उत्तर म्हणून बहाणा येतो. आईने किंवा बाबांनी विचारायचंच असेल तर जागेबद्दल विचारावं. "पहिला श्वास कितव्या हाताला घेतलास?" "टर्नला भिंत जवळ वाटली की लांब?" "शेवटी बाजूची मुलगी दिसत होती का गं?" अशा प्रश्नांना मुलं खरी उत्तरं देतात, कारण त्यात मान-अपमान नसतो. एखाद्या प्रश्नाला "आठवत नाही" असं उत्तर आलं तर तेही लिहायचं. रेसमधला जो तुकडा आठवत नाही, तिथे लक्ष उडालेलं असण्याची शक्यता बरीच असते.

कुठे शोधायचं

रेसमधली लक्षात राहणारी जागा कुठेही असू शकते, पण पाच ठिकाणं क्रमाने तपासली की ती सहसा सापडते.

पहिली, ब्लॉकवर. लांब शिटी वाजल्यापासून "टेक युअर मार्क्स"पर्यंत नजर कुठे होती, श्वास कसा होता, मागचा पाय भक्कम बसला होता का. स्टार्टचा सिग्नल ऐकला की शेजारच्याची हालचाल पाहून उडी मारली? बोर्डवर किंवा रिझल्ट शीटवर रिअ‍ॅक्शन टाइम आला असेल तर तो नंतर लिहायचा. सिग्नलपासून पाय ब्लॉकवरून सुटेपर्यंतचा हा वेळ साधारण ०.६० ते ०.७५ सेकंदांच्या दरम्यान असतो. ०.८५ आला असेल आणि वहीत "स्टार्ट झकास" लिहिलं असेल, तर पुढच्या सरावाचा विषय मिळाला.

दुसरी, पाण्याखालून वर येण्याची जागा. डोकं कुठे वर आलं? लेनच्या दोरीचा रंग भिंतीपासून पाच मीटरवर बदलतो आणि पंधरा मीटरवर वेगळ्या रंगाची खूण असते, त्यावरून सांगता येतं. फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये पंधरा मीटरच्या आत डोकं पाण्याबाहेर यावंच लागतं. पण वयोगटाच्या स्पर्धांमध्ये उलटी चूक जास्त दिसते: घाईने सहा मीटरवरच वर येऊन डाइव्हचा सगळा वेग पाण्याच्या पृष्ठभागावर घालवायचा. वर आल्यावरच्या पहिल्याच हाताला श्वास घेतला का, हेही लिहा. घेतला असेल तर तिथे वेग तुटला.

तिसरी जागा सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच लोक गाळतात. शंभर मीटरच्या रेसमध्ये टर्ननंतरचे वीस मीटर, दोनशेमध्ये तिसरं पन्नास, चारशेमध्ये पाचवं आणि सहावं पन्नास. तिथे ना सुरुवातीचा उत्साह असतो, ना शेवट दिसत असतो. खांद्यात जळजळ सुरू होते आणि हात पाण्यात पूर्ण मागे न जाता कमरेपाशीच बाहेर निघू लागतात. "दम संपला" हे वाक्य इथे चालणार नाही. काय संपलं ते लिहा: पाय थांबले, श्वास दर दोन हातांना लागू लागला, डोकं वर आलं, की "आता मेडल गेलं" असा विचार आला? शेवटचाही लिहायचा. तो विचार नेमका कुठे आला, हे दोन-तीन रेसच्या पानांवरून दिसू लागतं आणि पुष्कळदा तो एकाच जागी येत असतो.

२००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमधली शंभर मीटर बटरफ्लाय या बाबतीत समोर ठेवण्यासारखी आहे. मायकेल फेल्प्स पन्नास मीटरच्या टर्नला सातवा होता, मिलोराड चाविचच्या ०.६२ सेकंद मागे. त्याने टर्नला "सातवा" हा शब्द डोक्यात धरला असता तर रेस तिथेच संपली असती. शेवटी फेल्प्स ५०.५८, चाविच ५०.५९.

त्याच रेसमुळे चौथी जागा कळते: शेवटचे पाच मीटर. चाविच भिंतीकडे हात लांबवून सरकत आला आणि फेल्प्सने आणखी एक अर्धा हात मारून पॅडवर जोरात दाब दिला. टचपॅड दाबाने चालतो. बोटं नुसती लागून भागत नाही, ढकलावं लागतं. एक शतांश सेकंद म्हणजे किती, तर सेकंदाला १.७ मीटर वेगाने येणाऱ्यासाठी पावणेदोन सेंटिमीटर, बोटाच्या एका पेराहूनही कमी. म्हणून वहीत लिहा: झेंड्यांनंतर किती हात मारले, शेवटचा हात पूर्ण होता की अर्धा, सरकत आलात की मारत आलात, श्वास घेतलात का, भिंतीकडे पाहायला डोकं वर काढलंत का. वॉर्मअपमध्ये पाच हात मोजले होते आणि रेसमध्ये साडेपाच पडले, तर भिंत अर्ध्या हातावर आली असणार.

पाचवी जागा अपघाताची. गॉगल निघाला, कॅप सरकली, दोरीला हात लागला, तोंडात पाणी गेलं. या गोष्टी तक्रार म्हणून नाही, उपाय म्हणून लिहायच्या. बीजिंगमध्येच दोनशे मीटर बटरफ्लायच्या फायनलला फेल्प्सच्या गॉगलमध्ये पाणी भरलं आणि शेवटी त्याला भिंत दिसत नव्हती. त्याने हात मोजत पोहून रेस जिंकली, १:५२.०३ हा त्यावेळचा विश्वविक्रम होता. त्याला आपल्या हातांची संख्या पाठ होती म्हणून ते जमलं. तुमची संख्या वहीत असेल तर ती पाठ करता येईल. गॉगल वारंवार निघत असेल तर आणखी दोन गोष्टी नोंदवा: पट्टी कॅपच्या आत होती की बाहेर (आत ठेवून वरून दुसरी कॅप घातली तर सहसा निघत नाही), आणि डाइव्हच्या वेळी हनुवटी छातीला होती की नजर पुढे होती. नजर पुढे असली की पाणी सरळ काचेवर आपटतं.

आता आकडे

एवढं लिहून झाल्यावरच रिझल्ट शीटकडे जा. अधिकृत वेळ, क्रमांक आणि स्प्लिट उतरवून घ्या. जिल्हा पातळीवर किंवा क्लबच्या स्पर्धांत टचपॅड फक्त एका बाजूला असतो किंवा नसतोच. मग पन्नास मीटरच्या तलावात शंभरच्या रेसचा मधला स्प्लिट शीटवर येत नाही, तो कोच किंवा पालकांनी हाताने घ्यावा लागतो. असा स्प्लिट पानावर गोलात लिहा, म्हणजे अधिकृत आणि घरगुती आकड्यांची सरमिसळ होणार नाही.

हाताने वेळ घेताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. आवाजावर घड्याळ सुरू केलं आणि तुम्ही स्टार्टरपासून पन्नास मीटर लांब गॅलरीत असाल, तर आवाज पोचायलाच जवळजवळ ०.१५ सेकंद लागतात. म्हणून स्टार्टचा दिवा दिसत असेल तर त्यावर बटण दाबा. शिवाय सुरुवातीला बोट उशिरा दाबलं जातं आणि शेवटी हात भिंतीला लागणार हे दिसत असल्यामुळे जरा आधी. त्यामुळे हाताची वेळ बहुतेक वेळा यंत्रापेक्षा कमी येते आणि घरी खोटी पीबी साजरी होते. टर्नला फ्रीस्टाइलमध्ये पाय भिंतीला लागल्यावर स्प्लिट घ्या, ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये हात लागल्यावर. डोकं खाली गेलं की बटण दाबणारे बरेच असतात, त्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. स्पर्धेत तीन टाइमकीपर असतील तर नियम सोपा आहे: दोन घड्याळं सारखी असतील तर ती वेळ, तिन्ही वेगळी असतील तर मधली. तुमच्या लेनच्या एका टाइमकीपरने हळूच दाखवलेली चांगली वेळ वहीत घेऊ नका.

आकड्यांचं काम अनुभवाशी बोलण्याचं आहे. नमुन्यादाखल एक पान:

१०० मी. फ्रीस्टाइल, ५० मी. तलाव, उघडा. लेन ६.
पहिलं वाक्य: "परत येताना हात चालत होते पण पाणी लागत नव्हतं."
अधिकृत ५८.९४. स्प्लिट २७.८१ / ३१.१३. फरक ३.३२.
हात: ३६ / ४३.
तीन पूर्ण आवर्तनांना लागलेला वेळ: ३.९ / ३.९ सेकंद.

हे पान वाचायचं कसं? पहिल्या पन्नासात डाइव्हचा फायदा असतो, त्यामुळे दुसरं पन्नास सावकाश येणारच. चांगल्या आखलेल्या शंभर मीटरमध्ये हा फरक साधारण दोन सेकंदांच्या आसपास असतो. इथे तो ३.३२ आहे. आता हात पाहा. सात हात जास्त पडले. त्यातले चार-पाच डाइव्हऐवजी टर्नवरून निघाल्यामुळे समजण्यासारखे आहेत, बाकीच्यांचा हिशेब द्यावा लागतो. आणि हातांची गती? डावा-उजवा मिळून एक आवर्तन धरलं तर तीन आवर्तनांना ३.९ सेकंद, म्हणजे मिनिटाला सुमारे ४६. दोन्ही लांब्यांत तेवढीच. गती टिकली, पण प्रत्येक हाताला कापलेलं अंतर कमी झालं. हात फिरत होते, पाणी निसटत होतं. पोहणाऱ्याने पहिल्या वाक्यात हेच सांगितलं होतं. इथे उपाय "दम वाढव" नाही. दमलेल्या अंगाने लांब हात मारायचा सराव, हा उपाय आहे. गती ४६ वरून ४१ वर घसरली असती तर निदान वेगळं निघालं असतं.

अंगाचं म्हणणं आणि आकडे जुळत नाहीत तेव्हा पान आणखी कामाचं होतं. "पहिलं पन्नास आरामात गेलं" असं वाक्य आणि स्प्लिट मात्र नेहमीपेक्षा सेकंदभर वेगवान, असं झालं तर ती पुढच्या वेळी पुन्हा आणायची भावना आहे. ती कशी होती त्यावर दोन ओळी जास्त लिहा.

शतांशावर भांडू नका. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये चारशे मीटर मेडलेत (चारही प्रकार पोहायच्या रेसमध्ये) गुन्नार लार्सनने टिम मॅकीला ०.००२ सेकंदाने हरवलं, म्हणजे तीनेक मिलिमीटरने. एका तलावातल्या दोन लेनच्या लांबीतच एवढा फरक निघू शकतो. त्यानंतर निकाल शतांशापर्यंतच धरायचा असं ठरलं आणि बरोबरी झाली तर ती बरोबरीच. त्यामुळेच २०१६ मध्ये रिओत शंभर फ्रीस्टाइलला सिमोन मॅन्युअल आणि पेनी ओलेक्सियाक दोघींना ५२.७० ला सुवर्ण मिळालं. वहीत दोन रेस शतांशाने वेगळ्या आल्या तर त्या सारख्याच माना आणि कारणं दुसरीकडे शोधा.

मात्र पात्रतेची वेळ समोर असेल तर शतांशच सगळं असतात. साजन प्रकाशने जून २०२१ मध्ये रोमला दोनशे बटरफ्लायला १:५६.३८ दिली, तेव्हा टोकियो ऑलिम्पिकची थेट पात्रता १:५६.४८ होती. अशा रेसच्या पानावर पात्रतेचा आकडा वर ठळक लिहून ठेवावा आणि त्यातले दहा शतांश कोणत्या टर्नवर मिळू शकतात हे आधीच ठरवावं.

व्हिडिओ

शूटिंग करणाऱ्याने लांबीच्या मध्याजवळ, जमेल तितकं उंच उभं राहावं. फिनिशच्या बाजूला उभं राहिलं की समोरून येणारं डोकं तेवढं दिसतं. मोबाइल आडवा धरा. झूम इतकाच की पोहणारा आणि बाजूच्या दोन लेन चौकटीत राहतील, कारण दोरीचे रंग दिसले नाहीत तर अंतर मोजता येत नाही. ३० फ्रेमच्या व्हिडिओत दोन चित्रांमध्ये ०.०३३ सेकंद जातात, ६० फ्रेममध्ये ०.०१७. म्हणजे "मीच आधी टच केलं" हा वाद मोबाइलवर सोडवण्यात अर्थ नाही. हात मोजायला, वर येण्याची जागा पाहायला आणि टर्न तपासायला ६० फ्रेम पुरतात. टर्नचा वेळ घ्यायचा तो झेंड्यांखालून डोकं आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत, दर रेसला त्याच पद्धतीने. काही स्पर्धांमध्ये चित्रीकरणाला परवानगी लागते, ती आधी विचारा. दुसऱ्यांची मुलं पोहण्याच्या कपड्यांत चौकटीत असतात, तेव्हा तो व्हिडिओ घरच्या आणि कोचच्या मोबाइलपलीकडे जाऊ नये.

डीक्यू झाला तर

हे पान लिहायला कुणाचा हात धजत नाही, म्हणून ते आधी लिहायचं. नियम मोडल्यामुळे अपात्र ठरलात की निकालात वेळेच्या जागी डीक्यू येतं. कारण कोचमार्फत विचारून घ्या आणि शब्दशः लिहा. "रेफरीने उगाच काढलं" एवढंच लिहिलं तर तीच चूक पुन्हा होते. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये टर्न आणि फिनिशला दोन्ही हात एकाच वेळी लागले नाहीत, ब्रेस्टस्ट्रोकच्या पुलआउटमध्ये (स्टार्ट आणि टर्ननंतर पाण्याखाली मारायच्या हातात) एकाऐवजी दोन डॉल्फिन किक पडल्या, बॅकस्ट्रोकच्या टर्नला पोटावर वळल्यावर हात थांबून अंग नुसतं सरकत राहिलं: नेहमीची कारणं हीच. कारणासोबत जागाही लिहा. दोन हातांचा टच चुकला तो बहुधा भिंत अर्ध्या हातावर आल्यामुळे, आणि भिंत तशी आली कारण झेंड्यांनंतरचे हात मोजलेले नव्हते. हरकत घ्यायची असेल तर ती संघाच्या व्यवस्थापकाने रेस संपल्यापासून तीस मिनिटांत लेखी द्यायची असते. गॅलरीतून ओरडून काही होत नाही. घरगुती घड्याळावरची वेळ मात्र गोलात लिहून ठेवा, अंगाने दिलेली मेहनत काही रद्द झालेली नाही.

रिले आणि समुद्र

रिलेतला वैयक्तिक स्प्लिट वेगळ्या पानावर ठेवा. स्थिर स्टार्ट फक्त पहिल्या पोहणाऱ्याचा असतो. बाकीचे आधीच्याचा हात भिंतीकडे येत असतानाच ब्लॉकवर हालचाल सुरू करतात आणि अर्ध्या सेकंदाहूनही जास्त कमावतात. बीजिंगच्या ४ × १०० फ्रीस्टाइलमध्ये जेसन लेझॅकने शेवटच्या लांबीला अलँ बर्नार्डला गाठून ४६.०६ चा स्प्लिट दिला, तो याच कारणाने शंभर मीटरच्या वैयक्तिक विक्रमांच्या यादीत येत नाही. तुमचा रिलेतला ५७ म्हणजे ५७ ची पीबी नव्हे. मात्र रिलेचं पान लिहिताना स्वतःपुरतं लिहू नका. आधीचा कसा आला, त्याच्या कोणत्या हाताला तुम्ही हात फिरवायला सुरुवात केलीत, पाय ब्लॉकवरून सुटताना त्याचा हात कुठे होता, हे त्याच्याशी बोलून लिहा.

समुद्रातल्या स्पर्धांना, मालवणच्या चिवला किनाऱ्यावर असो किंवा मुंबईत संक रॉक ते गेटवे असो, हे पान जसंच्या तसं चालत नाही. स्प्लिट नसतात, आणि भरती-ओहोटीमुळे दोन वर्षांच्या वेळांची तुलना फसवी असते. तिथे भरतीची वेळ, लाटा समोरून की बाजूने, जेलीफिश, कोणत्या खुणेकडे पाहून दिशा धरली आणि किती हातांनी एकदा मान वर काढून पाहिलं, एवढं लिहा. रांग सोडून भरकटलात ती जागा कागदावर नकाशा काढून दाखवा, शब्दांत ती सापडत नाही.

क्रमांकाबद्दल

प्रत्येक पानावर क्रमांक लिहायचाच, पण सगळ्यात खाली. मुरलीकांत पेटकरांच्या १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमधल्या पन्नास मीटर फ्रीस्टाइलच्या सुवर्णाबरोबर ३७.३३ हा आकडा आजही घेतला जातो. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेचं २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेतलं पन्नास बटरफ्लायचं कांस्य म्हटलं की जाणकार २४.३१ म्हणतात. आणि २००० मध्ये सिडनीत इक्वेटोरियल गिनीचा एरिक मुसाम्बानी शंभर फ्रीस्टाइलच्या हीटमध्ये एकटाच पोहला, कारण बाकी दोघे चुकीच्या स्टार्टमुळे बाद झाले होते. हीटमध्ये तो पहिला आला, वेळ १:५२.७२. नुसता "पहिला" लिहून त्या रेसचं काहीच कळत नाही. ती वेळ आणि शेजारच्या लेन रिकाम्या होत्या ही गोष्ट, दोन्ही लागतात. म्हणून हीटमध्ये कोण कोण होतं, कोण गैरहजर होतं, हेही एका ओळीत घ्या.

पान भरलं की त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढून कोचना पाठवा, वही हरवते. पुढच्या स्पर्धेच्या आदल्या रात्री त्या रेसची मागची तीन पानं उघडा, फक्त पहिलं वाक्य आणि झेंड्यांनंतरचे हात वाचा, आणि हातांची ती संख्या नव्या पानाच्या कोपऱ्यात लिहा. त्याच तलावावर पोहायचं असेल तर भिंतीची ओळही उतरवा. जुन्या पानांतलं बाकी काही त्या रात्री वाचू नका. झोप जास्त कामाची.